ओ

ग्रिम्सबीच्या वाचनालयात, वरच्या मजल्यावर,
जिथे मासळीच्या धक्क्यावरचा वारा बंद खिडकीतूनही आत येतो,
मला एक काम सांगितलंय:
सात वर्षांत ज्यांनी एकही पुस्तक नेलं नाही
ते सभासद शोध, आणि काढून टाक.
जिल म्हणाली, पाच मिनिटांचं आहे.
आहेच.

आधी साधंच लिहिलं, नॉट इन:
ज्यांचा क्रमांक या क्रमांकांत नाही, ते.
प्रश्नाच्या पोटात दुसरा प्रश्न,
कंसाच्या कोठडीत जन्मलेला,
बाहेरच्यांचं भवितव्य ठरवणारा.
एंटर.
शून्य ओळी.
अख्खं गाव वाचतं म्हणे!

चहा गार झाला तेव्हा सापडलं.
चार वर्षांपूर्वीच्या एका मंगळवारी
कुणीतरी पुस्तक नेलंय
आणि सभासद क्रमांकाच्या जागी नल.
नल म्हणजे शून्य नव्हे, कोरं अक्षरही नव्हे,
नल म्हणजे ठाऊक नाही.
त्या एका ठाऊक-नाहीपुढे
यंत्राला कुणाबद्दलच छातीठोक ‘नाही’ म्हणता येईना.
तो अनामिक कदाचित हा असेल,
कदाचित ही.
कुणाच्या तरी विसरभोळ्या हातामुळे
नऊ हजार माणसं वाचली,
एकही पान न उलटता.

तसंच ठेवावंसं वाटलं.
पण पगार घेते मी.

मग नॉट एक्झिस्ट्स.
हे मला आईने शिकवलंय, बार्शीत, तिच्याही नकळत.
भिशीचे पैसे गोळा करायला निघायची ती,
उंबऱ्याबाहेरून हाक, प्रत्येकाचं नाव घेऊन:
“आहात का हो घरात?”
आतून एक ओ आली की पुरे.
आत किती जण आहेत, जेवताहेत की भांडताहेत,
तिला काय करायचंय!
एक्झिस्ट्सचं तेच.
आतल्या सिलेक्टपुढे एक लिहा, चांदणी लिहा,
ते बघतही नाही.
बाहेरच्या ओळीचं नाव घेऊन आत जातं,
पहिली ओळ भेटली की माघारी,
की पुढचं दार.

तीन हजार चारशे सहा दारं.
हाक मारली, ओ नाही.

यादी सहजच खाली सरकवत होते.
स्टॅनिलँड, वॉल्टर. जन्म एकेचाळीस सालचा.
शेवटचं पुस्तक: दोरखंडाच्या गाठी. अकरा वर्षं झाली.
वॉल्टर?
अहो, ते तर खाली बसलेत,
रेडिएटरला पाठ लावून, आत्ता.
आधी निधनवार्ता, मग फुटबॉल.
दोन बोटं आइसलंडच्या समुद्रात राहिली,
म्हणून पान अंगठ्याने उलटतात.
रोज दहाला येतात. घरी हीटर लावत नाहीत.

येण्याचं टेबल नाही आमच्याकडे.
बसण्याचं नाही.
ऊब नेल्याची नोंद कुठल्या रकान्यात करतात?
जिल म्हणाली, नियम पुस्तकांचा आहे गं,
आणि तिला ते आवडलेलं नव्हतं, ते दिसलं.

डिलीट लिहून ठेवलं. एंटर नाही.
जिना उतरले,
फळीवरून हाताला आलं ते उचललं:
शेळीपालन, सचित्र.
“वॉल्टर, कार्ड आहे का?”
“मी काय करू शेळ्यांचं?”
“काही नका करू. घरी न्या. उद्या आणा.”
तिसऱ्या खिशात सापडलं, बसच्या पासाला चिकटलेलं.
बीप.
एक ओळ.

वर येऊन पुन्हा चालवलं.
तीन हजार चारशे पाच.

यातल्या कुणाची खुर्ची कुठे आहे
मला माहीत नाही.
घड्याळात सव्वाचार.
मी यादी पहिल्यापासून घेतली,
एकेक नाव, जरा मोठ्याने,
आणि प्रत्येक नावानंतर थोडी थांबले.
“कुणाशी बोलतेयस?” जिलने विचारलं.